झंग ते त्रिएस्ते : प्रा. अब्दुस सलाम

दरवर्षी शालान्त परीक्षेचा निकाल लागतो, पेढे वाटले जातात, नातेवाईक मुबारकबाद देऊन जातात, आणि दोनच दिवसांनी घराघरांतून एक प्रश्न डोके वर काढतो : पुढे काय? मुलाला कोठे चिकटवावे, दुकानात केव्हा बसवावे, मुलीला आणखी शिकवावे की पुरे करावे? हाच प्रश्न १९४० साली पंजाबातील झंग या आडवळणाच्या गावी, शिक्षण खात्यात नोकरी करणाऱ्या चौधरी मुहंमद हुसेन यांच्या घरी पडला होता. घरात सुबत्ता नव्हती, माणसे पुष्कळ होती. फरक एवढाच की त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा नुसता पास झाला नव्हता. पंजाब विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत आजवरचे सारे उच्चांक मोडून तो पहिला आला होता. त्या मुलाचे नाव अब्दुस सलाम. पुढे ३९ वर्षांनी, १९७९ साली, पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक घ्यायला तो स्टॉकहोमला उभा राहिला.

ही मधली ३९ वर्षे कशी गेली, कोणी हात दिला, कोणी पाय ओढला, हे आपण पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी जाणून घेण्यासारखे आहे. मोठ्या माणसांची चरित्रे आपल्याकडे बहुधा फुलांच्या हारांखाली झाकून टाकली जातात. या माणसाच्या चरित्रात हारही आहेत आणि दगडही आहेत.

निकालाच्या दिवसाची आठवण सलाम यांनी पुढे स्वतः सांगितली आहे. मघियाना येथून ते सायकलवरून झंग शहरातील आपल्या घराकडे निघाले होते. भर दुपारची वेळ. पंजाबातल्या त्या उन्हात बाजारातील हिंदू व्यापारी एरवी दुकाने लावून घरी जात. त्या दिवशी मात्र ते आपापल्या दुकानांच्या बाहेर उन्हात उभे होते. बातमी मुलाच्या आधी पोचली होती, आणि गावचा मुलगा पहिला आला म्हणून त्याला मान द्यायला सारा बाजार थांबला होता. सात वर्षांनी फाळणी झाली आणि ते व्यापारी सरहद्दीच्या अलीकडे आले. सलाम यांच्या मनातून मात्र तो बाजार कधी गेला नाही.

आणखी एक आठवण शाळेतल्या वर्गाची. मास्तर निसर्गातील शक्तींबद्दल शिकवीत होते. गुरुत्वाकर्षण त्यांनी सांगितले; न्यूटनचे नाव झंगपर्यंत पोचलेले होते. मग चुंबक दाखविला. पुढे विजेची पाळी आली तेव्हा मास्तर म्हणाले की ही शक्ती झंगमध्ये राहत नाही, ती लाहोरला राहते, येथून शंभर मैलांवर. आणि अणुगर्भातील शक्ती? ती तर फक्त युरोपात राहते, तिची आपण काळजी करू नये! गावात वीज आली नव्हती, तेव्हा मास्तरांचे काही चुकले असे नाही. त्या वर्गात बसलेल्या मुलाने पुढे याच दोन शक्तींचे, लाहोरच्या विजेचे आणि युरोपातल्या अणुगर्भीय बलाचे, नाते शोधून काढले. हे नाते काय ते पुढे पाहूच.

पुढे सलाम लाहोरला शिकू लागले. गव्हर्न्मेंट कॉलेजात गणिताचे प्राध्यापक सर्वदमन चावला होते; अंकशास्त्रातील त्यांचे नाव जगभर होते. त्यांनी रामानुजन यांनी मांडलेले एक कोडे वर्गापुढे ठेवले. सलाम यांनी ते सोप्या रीतीने सोडविले, आणि त्यावरचा त्यांचा पहिला लेख १९४३ साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. तेव्हा त्यांचे वय सतरा. (याच सोसायटीचे ग्रंथालय आरंभी आपल्या पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात थाटलेले होते.) लाहोरातच त्यांना गणित शिकविणारे दुसरे एक उस्ताद लाभले, प्रा. अनिलेंद्र गांगुली. हे नाव लक्षात ठेवावे, त्याचे काम आपल्याला शेवटी पडणार आहे. गणिताच्या जोडीला उर्दू साहित्याचाही शौक होता. कॉलेजात असताना त्यांनी गालिबवर लेख लिहिला होता.

वालिदांची इच्छा मात्र वेगळी होती. हुशार मुलाने आय.सी.एस. व्हावे, कलेक्टर व्हावे. त्या काळी कोणाही मध्यमवर्गीय बापाची हीच इच्छा असे, आणि खरे सांगायचे तर आजही नावे तेवढी बदलली आहेत. पण महायुद्धामुळे आय.सी.एस.च्या परीक्षा बंद पडल्या होत्या. १९४६ साली एम.ए. झाले, आणि त्याच सुमारास एक विलक्षण योग जुळून आला.

पंजाबचे पंतप्रधान खिज्र हयात खान टिवाणा यांनी युद्धासाठी मोठा निधी गोळा केला होता. युद्ध संपले, पैसा शिल्लक राहिला. तो कशाला वापरावा? ठरले की छोट्या शेतकऱ्यांच्या हुशार मुलांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या द्याव्यात. पाच शिष्यवृत्त्या जाहीर झाल्या. सलाम यांना एक मिळाली आणि केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात ऐनवेळी जागाही मिळाली. त्याच वर्षी, १९४६ च्या सप्टेंबरात, ते निघाले. उरलेल्या चौघांना पुढच्या वर्षीचा प्रवेश होता. पुढच्या वर्षी फाळणी झाली, आणि फाळणीबरोबर ती योजनाही गेली. म्हणजे त्या सगळ्या निधीतून एकच विद्यार्थी बाहेर पडला. सलाम यांचे म्हणणे असे की जणू त्यांच्या एकट्यासाठीच अल्लाने तो निधी उभा करविला होता. त्यांची श्रद्धा होती, ती त्यांना शोभते. आपण मात्र त्या इतर चौघांचाही विचार करावा. त्यांच्यात काय होते ते कोणाला कधी कळणार नाही.

मुंबईहून बोटीने ते लिव्हरपूलला उतरले. थंडी कडाक्याची, अंगावर पुरेसे गरम कपडे नाहीत, आणि सोबत पुस्तकांनी भरलेली जड ट्रंक. योगायोगाने सर मुहंमद जफरुल्ला खान त्या वेळी बंदरावर होते. ते तेव्हा फेडरल कोर्टाचे न्यायाधीश होते. त्यांनी या अनोळखी मुलाला कुडकुडताना पाहिले, त्याच्या ट्रंकेला एका बाजूने हात लावला आणि आपला जाड ओव्हरकोट त्याच्या अंगावर घातला. केंब्रिजला पोचल्यावर सलाम यांनी कॉलेजच्या दारावरच्या माणसाकडे हमाल मागितला. त्याने एका हातगाडीकडे बोट दाखविले : ती घ्या आणि ढकला. हिंदुस्थानातून गेलेल्या विद्यार्थ्याला इंग्लंडने दिलेला हा पहिला धडा, आणि माझ्या मते उपयोगी धडा.

केंब्रिजला गणितात पहिला वर्ग मिळाला. पुढे काय शिकावे याचा सल्ला त्यांनी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांना विचारला. हॉईल म्हणाले की सिद्धान्त मांडणारा व्हायचे असले तरी एक वर्ष प्रयोगशाळेत घाल. नाहीतर प्रयोग करणाऱ्यांच्या नजरेला नजर देता येणार नाही. सलाम यांनी सल्ला मानला, पण प्रयोगशाळेशी त्यांचे कधी जमले नाही. सोडियमच्या प्रकाशातील दोन पिवळ्या रेषांच्या तरंगलांबीतील फरक मोजायचा होता. त्यांनी तीन दिवस उपकरण लावण्यात घालविले आणि तीन मोजमापे घेतली. दोन मोजमापांतून उत्तर निघते आणि तिसरे पडताळ्याला, हा त्यांचा हिशेब गणितात चोख होता. वही तपासणाऱ्या विल्किन्सन यांनी विचारले, तू मूळचा गणिताचा ना? मग समजले! प्रयोगवाल्याने तेथे शेकड्यांनी मोजमापे घेतली असती. तरीही १९४९ साली पदार्थविज्ञानातही पहिला वर्ग मिळाला.

विद्यार्थी मित्रहो, एका गोष्टीकडे तुमचे लक्ष वेधतो. संशोधनासाठी विषय शोधत सलाम हिंडत होते, तेव्हा पॉल मॅथ्यूज नावाचा एक संशोधक आपले काम संपवीत आला होता. सलाम त्याच्याकडे गेले आणि सरळ विचारले, तुझ्याकडे काही उरले आहे का? मॅथ्यूजने एक अवघड प्रश्न त्यांच्या हवाली केला, पण काही महिन्यांच्या बोलीवर : तोवर सुटला नाही तर परत दे. प्रश्न असा होता की अतिसूक्ष्म कणांचे हिशेब करताना उत्तरे मध्येच अनंत येत. विजेच्या बाबतीत हा अनंताचा गुंता आवरण्याची रीत सापडली होती, पण अणुगर्भातील मेसॉन कणांना ती लागू पडते का, हे सिद्ध झाले नव्हते. सलाम यांनी ते मुदतीत सिद्ध केले. वय २४. नियमाप्रमाणे पदवी हाती पडायला वेळ लागला, पण नाव त्या आधीच अमेरिकेपर्यंत गेले होते. "तुमच्याकडे काही उरले आहे का?" असे मोकळेपणी विचारायला आपली मुले लाजतात. लाजू नये.

१९५१ साली सलाम लाहोरला परत आले. इंग्लंड-अमेरिकेत राहता आले असते, पण आपल्या देशात शिकवावे ही इच्छा होती. गव्हर्न्मेंट कॉलेजात गणित विभागाचे प्रमुखपद मिळाले. तेथे त्यांना सांगण्यात आले की संशोधन आता विसरा, त्याऐवजी कॉलेजची तीन कामे आहेत, त्यांतले एक निवडा : वसतिगृह सांभाळणे, हिशेब पाहणे किंवा फुटबॉलचा संघ. त्यांनी फुटबॉल निवडला. ज्याने जगातल्या मोजक्या लोकांना कळणारा प्रश्न सोडविला होता, तो संध्याकाळी मैदानावर पोरांची हजेरी घेत उभा राहू लागला. ग्रंथालयात नवी नियतकालिके नव्हती, बोलायला विषयातला माणूस नव्हता.

याच काळात मुंबईशी संबंध आला. क्वांटम विज्ञानातील दिग्गज वोल्फगांग पाउली मुंबईला आले होते. मुंबईत डॉ. होमी भाभा यांनी १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली होती आणि जगातले मोठे शास्त्रज्ञ तेथे येत-जात. पाउलींनी सलाम यांना तार केली, येऊन भेटा. वर्षभराहून अधिक काळ विषयाचे बोलणे न झालेला हा तरुण मिळेल त्या वाटेने मुंबईला धावला, पाउलींना भेटला आणि परत गेला. लाहोरला त्याची वाट पाहत होती ती चार्जशीट! परवानगीशिवाय ठाणे सोडले, हा गुन्हा. शेवटी शिक्षण खात्यातील वरिष्ठांनी ते दिवस बिनपगारी रजेत धरले आणि प्रकरण मिटविले. कराची आणि मुंबई यांतले अंतर केवढे, आणि एका शास्त्रज्ञाला दुसऱ्याशी दोन शब्द बोलायचे तर केवढा हा गुन्हा! १९५३ साली लाहोरात अहमदिया जमातीविरुद्ध दंगली पेटल्या. सलाम त्याच जमातीचे. १९५४ च्या आरंभी ते केंब्रिजला अध्यापक म्हणून निघून गेले, आणि १९५७ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजात प्राध्यापक झाले. १९५९ साली वयाच्या ३३ व्या वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केले.

देश सोडला याची टोचणी त्यांना आयुष्यभर राहिली. एकटे पडून विज्ञान मरू द्यायचे किंवा देश सोडून जायचे, यांखेरीज तिसरी वाट गरीब देशातल्या शास्त्रज्ञाला नाही, हे त्यांनी अंगावर सोसले होते. त्यांचे पुढचे मोठे कार्य याच टोचणीतून निघाले. पण आधी विज्ञानाचे पाहू.

१९५६ च्या सप्टेंबरात ते अमेरिकेतील सिॲटलची परिषद आटोपून रात्रीच्या विमानाने परतत होते. विमान लष्करी वाहतुकीचे, लेकरांच्या रडण्याने भरलेले, झोप येईना. परिषदेत चीनमधून आलेल्या यांग यांनी सुचविले होते की काही अणुगर्भीय क्रियांत निसर्ग डावे-उजवे असा भेद करीत असावा. सलाम यांना त्यांच्या पीएच.डी.च्या परीक्षकांनी, पायर्ल्स यांनी, विचारलेला प्रश्न आठवला : न्यूट्रिनो या कणाला वजन का नाही? त्या रात्री दोन्ही धागे जुळले. डाव्या-उजव्याची समता मोडली तर न्यूट्रिनोचे वजनही शून्य राहते. ते पायर्ल्सकडे गेले. त्यांनी मानेनेच नकार दिला. मग लेख पाउलींकडे पोचविला. पाउलींचा निरोप आला की माझ्या मित्राला सलाम सांगा आणि याहून काहीतरी बरे शोधायला सांगा. सलाम यांनी छपाई लांबविली. काही महिन्यांतच, १९५७ च्या जानेवारीत, प्रयोगाने समता मोडते हे सिद्ध झाले. पाउलींनी मागाहून दिलगिरी कळविली, पण तोवर तीच कल्पना इतरांनीही मांडली होती. यानंतर सलाम आपल्या विद्यार्थ्यांना बजावीत की आपल्या विचारावर विश्वास असेल तर वडीलधाऱ्यांच्या शेऱ्याने तो पेटीत ठेवू नका. आमच्यासारख्या वडीलधाऱ्यांनी हे वाक्य वाचताना थोडे कान टवकारावेत.

आता झंगच्या मास्तरांच्या शक्तींकडे वळू. निसर्गात चार मूलभूत बले मानली जातात. गुरुत्वाकर्षण सर्वांच्या परिचयाचे. वीज आणि चुंबकत्व ही पूर्वी दोन वाटत. एकोणिसाव्या शतकात ती एकच आहेत असे मॅक्सवेलने दाखविले, आणि त्यातूनच पुढे रेडिओ आला. तिसरे तीव्र बल, जे अणुगर्भाला घट्ट बांधून ठेवते. चौथे क्षीण बल. याची ओळख आपल्याला कमी आहे, पण याच्यावाचून आपण नसतो. सूर्यात हायड्रोजनचे हेलियम होते आणि त्यातून ऊन मिळते. त्यातली पहिली पायरी या क्षीण बलामुळे पडते. ते क्षीण आहे म्हणूनच सूर्य भडकन पेटून विझून न जाता अब्जावधी वर्षे सावकाश जळत राहतो. आणि विजेचे बल? ते आकाशभर पसरते, तर क्षीण बलाची धाव प्रोटॉनच्या आकाराच्या सुमारे हजाराव्या भागापर्यंतच. दोघांत साम्य ते काय असणार?

सलाम म्हणत होते की मुळात ही दोन्ही एकच. अमेरिकेत शेल्डन ग्लॅशो यांनी १९६१ साली या दिशेने पाऊल टाकले होते. सलाम आणि जॉन वॉर्ड यांनीही १९६४ साली तसाच प्रयत्न केला होता. अडचण अशी की विजेचा निरोप नेणारा फोटॉन वजनरहित, तर क्षीण बलाचे निरोपे प्रचंड जड असायला हवेत. एकाच घरातली भावंडे, एक पिसासारखे आणि दुसरी पहाडासारखी, हे कसे? याचे उत्तर १९६७ साली स्टीव्हन वाइनबर्ग यांनी अमेरिकेत आणि सलाम यांनी लंडनमध्ये स्वतंत्रपणे दिले : आरंभी, अतिशय उष्ण अवस्थेत, सारी सारखी होती, विश्व निवत गेले तशी समता मोडली आणि काही निरोप्यांना वजन चढले. पाणी गोठताना जशी त्याची चारी दिशांची सारखेपणाची रीत मोडून स्फटिकाला कोन फुटतात, तसेच काहीसे.

सिद्धान्त सुंदर असला म्हणून खरा ठरत नाही. या सिद्धान्तावरून असे निघत होते की विद्युतभार न बदलताही क्षीण क्रिया घडायला हवी. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत १९७३ साली ती सापडली. १९७९ साली ग्लॅशो, वाइनबर्ग आणि सलाम यांना नोबेल मिळाले. (ग्लॅशो आणि वाइनबर्ग हे न्यूयॉर्कच्या एकाच सरकारी शाळेतील एकाच वर्गातले सोबती, त्या शाळेच्या मास्तरांना काय वाटले असेल!) जड निरोपे मात्र अजून कोणी पाहिलेच नव्हते. १९८३ साली सर्नच्या सुमारे सात किलोमीटर घेराच्या यंत्रात ते मिळाले : एक प्रोटॉनच्या सुमारे ८६ पट जड, दुसरा सुमारे ९७ पट. सांगितले होते तेवढेच. वजन चढविणाऱ्या यंत्रणेचा शेवटचा दुवा, हिग्ज कण, २०१२ साली हाती आला, तेव्हा सलाम हयात नव्हते.

याच ओघात एक आपल्या देशातली गोष्ट. सलाम यांनी ओडिशाचे जोगेश पती यांच्याबरोबर तीव्र बलालाही याच कुटुंबात आणण्याची कल्पना १९७३-७४ च्या सुमारास मांडली. ती खरी असेल तर प्रोटॉनही अमर नाही, कधीतरी तो फुटलाच पाहिजे. ते पाहायला टाटा संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी सहकाऱ्यांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत, दोन किलोमीटरहून अधिक खोल, लोखंडाचे मोठे उपकरण उभारले. काही खुणा दिसल्यासारख्या वाटल्या, पण पुढे जगात कोठेही त्यांना दुजोरा मिळाला नाही. प्रोटॉन आजवर फुटलेला कोणी पाहिलेला नाही. त्या प्रश्नाचे दार उघडेच आहे.

आता त्या टोचणीचे. १९६० साली सलाम यांनी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेपुढे प्रस्ताव ठेवला की गरीब देशांतील शास्त्रज्ञांसाठी सैद्धान्तिक पदार्थविज्ञानाचे एक जागतिक केंद्र काढावे. श्रीमंत देशांना ते रुचले नाही. एका प्रतिनिधीने तर सांगितले की हे शास्त्र म्हणजे रोल्स रॉइस मोटार, आणि या देशांना गरज आहे बैलगाडीची! सलाम यांनी नेट सोडला नाही. इटलीने त्रिएस्ते शहरात जागा आणि पैसा देऊ केला, तेथील प्रा. पाओलो बुदिनिच यांनी खांदा दिला, आणि १९६४ साली केंद्र सुरू झाले. सलाम जवळजवळ तीस वर्षे त्याचे संचालक होते. तेथली एक योजना मला फार शहाणपणाची वाटते. विकसनशील देशातल्या शास्त्रज्ञाने नोकरी आपल्याच देशात करायची. पण काही वर्षांच्या मुदतीत तीन वेळा, दीड ते तीन महिने, केव्हाही येऊन त्रिएस्तेला राहायचे, वाचायचे, जाणकारांशी बोलायचे आणि ताजे होऊन मायदेशी परतायचे. लाहोरच्या मैदानावर उभ्या असलेल्या त्या तरुण प्राध्यापकाला जे मिळाले नव्हते, तेच त्याने हजारोंना मिळवून दिले. भारतातूनही शेकड्यांनी लोक तेथे जाऊन आले. १९६८ च्या 'शांततेसाठी अणू' पारितोषिकाची रक्कम सलाम यांनी तरुण शास्त्रज्ञांनाच दिली. नोबेलची रक्कमही त्यांनी स्वतःच्या संसारात घातली नाही. १९८३ साली त्यांनी तिसऱ्या जगाची विज्ञान अकादमी काढली.

मुस्लिम देशांच्या राज्यकर्त्यांपुढे ते पुन्हा पुन्हा एक इतिहास सांगत. तेराव्या शतकाच्या आरंभी मायकेल नावाचा एक स्कॉटिश तरुण इल्मच्या शोधात आपले गाव सोडून स्पेनमधील तोलेदोला आला, कारण त्या काळी ज्ञान अरबी भाषेत होते. इब्न अल्-हैसम आणि अल्-बिरूनी यांच्या नावाने छाती फुगविणे सोपे. पण त्यांच्या वाटेने चालायला प्रयोगशाळा लागतात, आणि त्यांवर आपण किती खर्च करतो, असा सलाम यांचा सवाल असे. सोयीचा नसल्यामुळे तो बहुतेकांनी ऐकून सोडून दिला.

त्यांच्या देशाने त्यांच्याशी काय केले? १९६१ पासून ते पाकिस्तानच्या अध्यक्षांचे विज्ञान सल्लागार होते. १९७४ साली तेथील संसदेने घटना बदलून अहमदिया जमातीला बिगरमुस्लिम ठरविले, आणि सलाम यांनी राजीनामा दिला. नागरिकत्व त्यांनी सोडले नाही. श्रद्धेच्या बाबतीतले मतभेद हा या लेखाचा विषय नाही. त्यावर वाचकांची आपापली मते असतील. पण ज्याला घरात बसायला जागा दिली नाही, तो स्टॉकहोमला अचकन, पगडी आणि टोकदार पंजाबी जोडे घालून गेला आणि मेजवानीच्या भाषणात त्याने सूरह मुल्कमधील आयती वाचल्या, ही इतिहासातली गोष्ट आहे. त्यानंतर ते पाकिस्तानात आले, सरकारने किताब दिला. पण इस्लामाबादच्या विद्यापीठातले त्यांचे व्याख्यान विद्यार्थ्यांच्या एका गटाच्या धमक्यांमुळे होऊ शकले नाही. २१ नोव्हेंबर १९९६ रोजी ऑक्सफर्ड येथे दीर्घ आजारानंतर त्यांचे निधन झाले. दफन रबवा येथे, आईवडिलांच्या शेजारी. कबरीच्या दगडावर 'पहिला मुस्लिम नोबेल मानकरी' असे कोरले होते. त्यातला 'मुस्लिम' हा शब्द सरकारी हुकमाने पुसून टाकण्यात आला, आणि दगडावर 'पहिला' व 'नोबेल मानकरी' यांच्यामध्ये एक मोकळी जागा राहिली. १९९७ साली त्रिएस्तेच्या केंद्राला त्यांचे नाव दिले गेले. पाकिस्तानात इस्लामाबादच्या भौतिकी केंद्राला त्यांचे नाव देण्याची घोषणा व्हायला २०१६ साल उजाडले.

एक प्रसंग सांगायचा राहिला, तो १९८१ सालचा. नोबेल मिळाल्यावर सलाम यांनी भारत सरकारकडे एक विनंती केली होती : फाळणीपूर्वी लाहोरात मला गणित शिकविणारे प्रा. अनिलेंद्र गांगुली कोठे असतील ते शोधून द्यावे. गांगुली कलकत्त्यात सापडले. १९८१ च्या जानेवारीत सलाम भारतात आले. अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठाने त्यांना मानाची पदवी दिली, तेथे त्यांनी पंजाबीतून भाषण केले. कलकत्त्याला ते गांगुलींच्या घरी गेले. उस्ताद फार थकलेले होते, अंथरुणाला खिळलेले, उठून बसण्याचीही ताकद उरली नव्हती. सलाम यांनी नोबेलचे सुवर्णपदक काढून त्यांच्या हातात ठेवले आणि सांगितले की गणिताची गोडी आपण लावलीत, तेव्हा हे आपलेच आहे.